लेपर्ड गेकोच्या टाकीत वाळू टाकायची की फरशी? पनवेलच्या दमट हवेत काय चालतं, काय नाही

पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली एक गुबगुबीत पाल सोनेरी वाळूवर ऐटीत बसली आहे. लेपर्ड गेकोचा असा फोटो बहुतेकांनी मोबाईलवर पाहिलेला असतो. प्राणी वाळवंटातला, म्हणजे त्याला वाळूच लागणार, असं गृहीत धरलं जातं आणि टाकीसोबत ‘कॅल्शियम सॅंड’चं पाकीटही घरी येतं. पाळणाऱ्यांचा घोळ अनेकदा इथूनच सुरू होतो.

मुळात हा प्राणी वाळूच्या टेकड्यांवर राहत नाही. एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते आजच्या पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. तो भाग खडकाळ, घट्ट मातीचा. अफगाणिस्तानपासून वायव्य भारतापर्यंत ही पाल अशाच दगड-मुरमाच्या जमिनीत, कपारींमध्ये दिवस काढते आणि रात्री बाहेर पडते. महाराष्ट्राच्या कोरड्या, खडकाळ भागांत तिची एक जवळची नातेवाईकही आहे, युब्लेफॅरिस फस्कस. (ती विषारी असल्याच्या समजातून मारली जाते. ती विषारी नाही. आणि रानातून उचलून टाकीत ठेवायचीही ती गोष्ट नाही.)

वाळू पोटात गेली की काय होतं?

गेको झुरळ किंवा नाकतोड्यावर झडप घालतो तेव्हा किड्यासोबत तळातले कणही तोंडात जातात. थोडेफार कण विष्ठेतून निघून जातात. जास्त साचले तर आतडं तुंबतं. याला ‘इम्पॅक्शन’ म्हणतात. पिल्लांना धोका जास्त, कारण त्यांचं आतडं अरुंद आणि नेमही कच्चा.

कॅल्शियम सॅंडची अडचण आणखी वेगळी आहे. शरीरात कॅल्शियम कमी पडलं की गेको जमीन चाटायला लागतो. तळालाच चुनखडीची पूड असेल तर तो तीच खात सुटतो. म्हणजे पाकिटावर पौष्टिक म्हणून छापलेली वस्तूच पोटात गोळा होऊन बसते. कॅल्शियम द्यायचं ते किडे पावडरमध्ये घोळवून, जमिनीवर पसरून नाही.

पण सगळा दोष वाळूवर ढकलूनही चालणार नाही. तब्येतीने धडधाकट, मोठा गेको माती-वाळूच्या घट्ट मिश्रणावर वर्षानुवर्षं नीट राहतो. आतडं तुंबतं ते बऱ्याचदा इतर गोष्टी बिघडलेल्या असल्यामुळे: टाकी थंड, पाणी कमी, कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्व अपुरं, किंवा पोटात जंत. या प्राण्याचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. टाकीच्या उबदार बाजूला जमिनीचं तापमान साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवं, दुसरी बाजू २५ अंशांच्या आसपास. ऊब नसेल तर साधा किडाही पोटात पडून राहतो.

गव्हाणमध्ये प्रश्न ओलाव्याचा

गव्हाण, उलवे, जासई हा पट्टा खाडीलगतचा. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. लेपर्ड गेकोला टाकीत ३० ते ४० टक्के पुरते. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून भरलेली जाड माती किंवा कोकोपीट इथे जुलैमध्ये बुरशी धरू शकतं. ओल आणि गारवा एकत्र आले की श्वसनाचा संसर्ग होण्याची भीती असते. कोकोपीट अगदी टाकाऊ नाही. झाकणाच्या छोट्या डब्याला भोक पाडून आत ओलसर कोकोपीट ठेवलं, की कात टाकायला त्याला हवी तशी दमट जागा मिळते. मात्र ते तेवढ्या डब्यापुरतंच.

आजूबाजूला बांधकामं चालू असल्याने रेतीही सहज मिळते. ती नको. क्रश सॅंडचे कण धारदार असतात, त्यात सिमेंट मिसळलेलं असू शकतं. खाडीच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात. वखारीतला भुसाही नको, विशेषतः देवदार किंवा पाइनचा. त्यातल्या उग्र तेलांचा प्राण्याला त्रास होतो. हिरवं ‘रेप्टाइल कार्पेट’ दिसायला छान, पण त्याच्या धाग्यांत नखं अडकतात आणि घाण मुरते.

मग अंथरायचं काय?

पिल्लू, आजारी किंवा नुकताच घरी आणलेला गेको असेल तर साधा पेपर टॉवेल. दिसायला अगदीच बेचव, पण विष्ठा रोज स्पष्ट दिसते आणि पोट बिघडलं तर लगेच कळतं. मोठ्यासाठी फरशी. कडप्पा किंवा शहाबादीचे उरलेले तुकडे फरशीच्या दुकानात मापात कापून मिळतात. खरखरीत बाजू वर ठेवायची. घरातल्या पालीसारखी चिकट बोटं लेपर्ड गेकोला नसतात, गुळगुळीत टाइलवर तो घसरतो. दगड ऊब धरून ठेवतो, नखं झिजवतो, ओल्या फडक्याने पुसला की काम झालं. खाली हीट मॅट असेल तर थर्मोस्टॅट हवाच. मॅटवर जाड माती मात्र टाकू नये, उष्णता खाली कोंडते आणि वर पोहोचतच नाही.

मातीच हवी असेल तर खत-कीटकनाशक नसलेली, चाळून कडक उन्हात वाळवलेली लाल माती आणि थोडी धुतलेली बारीक वाळू, पाण्याने थापून पूर्ण सुकवलेली. हे मोठ्या, निरोगी गेकोसाठी, आणि किडे वाडग्यात किंवा चिमट्याने देत असाल तरच. वरून ऊब देणारा दिवा हवा. पावसाळ्यापुरतं पुन्हा फरशीवर यायला हरकत नाही.

खाणं बंद, बरेच दिवस विष्ठा नाही, पोट फुगलेलं, मागचे पाय ओढत चालणं, शेपूट बारीक होणं यातलं काही दिसलं तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावं. सगळे पशुवैद्य ते तपासत नाहीत, म्हणून फोन करून विचारूनच निघा. आतडं तुंबलंय का हे एक्स-रेत कळू शकतं. घरी एरंडेल किंवा गोडंतेल पाजू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. आणि टाकी साफ केल्यावर हात साबणाने धुवायचे, मुलांचेही. निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात.