‘एक्सेप्शन’ : कागदावरचा दुतोंडी शब्द

कापड बाजारात दररोज किती कागदांवर आपण सह्या करतो याचा हिशेब नाही. त्यातला ‘एक्सेप्शन’ हा इंग्रजी शब्द मात्र फार थोडे व्यापारी थांबून वाचतात. उर्दूत शिकलेल्या आमच्यासारख्यांना यात एक अडचण वाटते. यादीतून वगळणे म्हणजे इस्तिस्ना आणि तक्रार घेणे म्हणजे एतराज, असे आमच्याकडे दोन शब्द आहेत. मराठीतही अपवाद वेगळा, हरकत वेगळी. (‘हरकत’ मूळचा अरबी, उर्दूत त्याचा अर्थ हालचाल किंवा खोडी, मराठीत येऊन तो आक्षेप झाला!) इंग्रजीत ही दोन्ही कामे एकच शब्द करतो, आणि व्यापाऱ्याचे नुकसान दोन्हीकडून होऊ शकते.

आधी वगळण्याचे पाहू. विम्याच्या पॉलिसीत पहिल्या पानावर आग, पूर, दंगल अशी भरघोस यादी असते. पुढे बारीक अक्षरांत एक्सेप्शन किंवा एक्सक्लूजन या मथळ्याखाली काय मिळणार नाही ते लिहिलेले असते. आपल्या धंद्यात सर्वात घातक कलम दुसऱ्याच्या मालाचे. आगीच्या अनेक पॉलिसींत विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला माल, स्पष्ट उल्लेख नसेल तर, वगळलेला असतो. भिवंडीत ग्रे कापड एकाचे, गोदाम दुसऱ्याचे, प्रोसेसिंग तिसऱ्याकडे. आग लागली तर तागे कोणाच्या पॉलिसीत बसतात, हा प्रश्न हप्ता भरतानाच विचारायला हवा. दलाल ‘सगळे कव्हर आहे, शेठ’ म्हणतो, पण क्लेमच्या वेळी दलालाचे तोंडी बोलणे कोणी विचारात घेत नाही.

अर्थात कंपनीलाही मनमानी करता येत नाही. टेक्स्को मार्केटिंगच्या खटल्यात दुकान तळघरात होते आणि पॉलिसीत तळघर वगळलेले होते. कंपनीने जागा पाहून, हप्ता घेऊन विमा दिला आणि आगीनंतर त्याच कलमावर बोट ठेवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. पण तिथपर्यंत जाण्याइतका दम किती पेढ्यांत असतो?

आता हरकतीचे. इथे आपण न लिहिल्यानेच हक्क कमजोर होतो. गाठ भिजलेली, फाटलेली आली तर बिल्टीच्या प्रतीवर तिथेच शेरा मारावा, मग सही करावी. कोरी सही म्हणजे माल ठीक मिळाल्याचा पुरावा. वाहतूकदारावर दावा करायचा तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस लागते.

छोट्या कारखानदाराकडून घेतलेल्या मालाला तर मुदत आणखी कमी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार डाग, कमी पन्हा असली तक्रार १५ दिवसांत लेखी कळवली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. पैसे देण्याची मुदतही त्या दिवसापासून चालू होते, आणि लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपलीकडे जात नाही. फोनवरची कुरबुर याला चालत नाही. आपल्याकडे गाठी महिना महिना न उघडता पडून असतात. कायद्याचे १५ दिवस मात्र माल हाती आल्यापासून मोजतात, गाठ उघडल्यापासून नव्हे.