इस्त्रीखाली उमटणारं सर्किट

घरच्या घरी सर्किट बोर्ड करणाऱ्यांबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून पुण्यात एका निवृत्त आयटीआय शिक्षकांकडे गेले. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथून त्यांनी कॉपर क्लॅड आणला होता: 1.6 मिलिमीटर जाडीचा फायबरग्लासचा तुकडा, त्यावर जेमतेम 35 मायक्रॉन तांबं. ऑस्ट्रियन अभियंते पॉल आइस्लर यांनी 1936 च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ केला आणि पुढे हे काम कारखान्यांत गेलं. सरांकडे मात्र लेझर प्रिंटर आणि कपड्यांची इस्त्री एवढंच होतं.

मला खिळवून ठेवलं ते टोनरनं. ही पूड म्हणजे मुख्यतः बारीक दळलेलं प्लॅस्टिक. प्रिंटरमध्ये ते वितळून कागदाला चिकटतं. पुन्हा तापवलं की पुन्हा मऊ होतं आणि दाबाखाली तांब्याला धरतं. वर तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या द्रावणाला ते दाद देत नाही. म्हणून टोनरखालचं तांबं वाचतं, उघडं तांबं विरघळतं. इंकजेटची शाई इथे कामाची नाही.

सरांनी तांबं स्टील वूलनं घासलं, अ‍ॅसिटोननं पुसलं. “बोटाचा ठसासुद्धा नको,” ते म्हणाले. मासिकाच्या गुळगुळीत पानावर छापलेला आराखडा पालथा ठेवून त्यावर वाफ बंद केलेली इस्त्री दाबली. गार झाल्यावर बोर्ड पाण्यात गेला. कागदावरचा मातीचा लेप भिजून सुटतो, मग अंगठ्यानं लगदा चोळून काढायचा. खालून काळे ट्रॅक एकेक करून वर येताना माझा श्वास अडकला होता.

कारण इथेच सगळं बिघडतं. उष्णता कमी पडली तर टोनर कागदाबरोबर निघून येतो. जास्त झाली तर पसरून शेजारचे ट्रॅक जोडले जातात. छापताना आरशातली बाजू चुकली तर आयसीचे पाय उलटे येतात, आणि ते बहुधा भोकं पाडून झाल्यावर कळतं. अर्धा मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक सहसा निभावतो. त्याच्या निम्म्यावर भरवसा नाही. बोर्ड दुहेरी असेल तर दोन्ही बाजू जुळवणं हे वेगळंच दिव्य. भोकांना आतून तांब्याचा मुलामा नसतो, म्हणून दोन्ही बाजू तारेनं जोडाव्या लागतात.

सगळ्यांत मोठी चिंता फेरिक क्लोराईडची. कपड्यांवर, फरशीवर त्याचे डाग कायमचे राहतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ते घातलं तर उसळतं. वापरलेल्या द्रावणात बोर्डावरचं तांबं उतरलेलं असतं आणि ते पाण्यातल्या जिवांना मारक. सर ते प्लॅस्टिकच्या बाटलीत, ठळक चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवतात. हे काम करणार असाल तर हातमोजे, चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि कृपा करून वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या.