सुताराची विळी

रंधा मारताना लाकूड जागेवर असतं आणि पातं सरकतं. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं लेथवर होतात. तिथे लाकूड गरगर फिरतं आणि हत्यार जागेवर धरलेलं असतं. तिसरी तऱ्हा कोकणातल्या स्वयंपाकघरात सापडते, ती विळीची. पातं पक्कं बसवलेलं, दोन्ही हात मोकळे, आणि चिरायची वस्तू पात्याकडे न्यायची. राउटर टेबल म्हणजे सुताराची विळी. फक्त तिचं पातं मिनिटाला वीस हजार फेरे घेतं.

रचना अगदी साधी आहे. हातात धरून चालवायचा राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडणारं यंत्र, उलटा करून टेबलाखाली टांगायचा. त्याचं बिट, म्हणजे फिरणारं पातं, तेवढं टेबलाच्या भोकातून वर डोकावतं. बिटाच्या मागे एक सरळ पट्टी आवळायची, तिला फेन्स म्हणतात. जाड प्लायवूड, चार पाय आणि दोन शिकंजे असले की घरच्या पडवीतही हे टेबल उभं राहतं.

खरी गंमत त्या फेन्समध्ये आहे. गोल पात्याच्या टेबल-करवतीवर पट्टी पात्याला समांतर नसली तर लाकूड अडकतं, कधी उसळून अंगावरही येतं. राउटरचं बिट मात्र उभं, आपल्याच आसाभोवती फिरणारं. त्याला समांतर असं काही नसतंच. फेन्स टेबलावर कितीही तिरकी लावा, तिला टेकवून सरकवलेल्या फळीवर खाच कडेला तंतोतंत समांतर पडते, कारण फेन्स आणि बिट यांच्यातलं अंतर बदलत नाही. आणखी एक: बिट फेन्सच्या बरोबर मधोमध असेल, तर एक टोक पक्कं ठेवून दुसरं एक मिलिमीटर सरकवा, खाच अर्धाच मिलिमीटर सरकते. फुकटात मिळालेलं सूक्ष्ममापन!

आता वेग. पंचवीस मिलिमीटर व्यासाचं बिट मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, तर त्याची धार ताशी सुमारे ९४ किलोमीटरने धावते. दाराच्या मधल्या फळीच्या कडांना उतार देणारं ८० मिलिमीटरचं मोठं बिट त्याच फेऱ्यांवर लावलं, तर धारेचा वेग ताशी ३०० किलोमीटर! म्हणून मोठ्या बिटाला फेरे निम्म्यावर आणायचे, हा नियम मोडायचा नाही. दोन धारांचं बिट मिनिटाला ४०,००० चावे घेतं. फळी मिनिटाला तीन मीटर सरकवली, तर एका चाव्याला ०.०७५ मिलिमीटर लाकूड येतं. सरकवताना मध्येच थांबलात तर कापायला नवीन लाकूड मिळत नाही, धार जागच्या जागी घासते आणि काळा डाग पडतो.

दिशेचंही तसंच आहे. हातातला राउटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. उलटा टांगला की तोच उलट फिरताना दिसतो. म्हणून फेन्स पलीकडे ठेवून फळी उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध ढकलायची. उलट्या दिशेने गेलात तर बिट फळी हिसकावून घेतं, आणि तिच्यामागे बोटंही जातात.

हे सगळं ज्यावर करून बघावं अशी सोपी वस्तू म्हणजे गणपतीचा पाट. फणसाची जुनी फळी घ्यावी. रंध्याखाली पिवळीधमक निघते आणि वर्षागणिक तपकिरी होत जाते. (म्यानमारकडे भिक्खूंची चीवरं रंगवायला याच लाकडाचा भुसा वापरत आले आहेत.) पाटाच्या कडा बेअरिंगवाल्या बिटाने गोल करताना आधी आडव्या कडा घ्यायच्या, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू कापले जातात त्या. शेवटच्या कोपऱ्याशी तिथे हमखास कपची उडते. मग उभ्या कडा घेतल्या की तो तुटका कोपरा आपोआप भुशात जातो. क्रम उलटा केला तर कपची कायमची दिसत राहते.

पुढची पायरी देव्हाऱ्याच्या दाराची. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगतं. पावसाळ्यात फूटभर रुंद फळी दोन-तीन मिलिमीटर सहज वाढते. म्हणून चौकटीला आतून खाच पाडून मधली फळी त्यात नुसती बसवायची, फेविकॉल लावायचा नाही. चिकटवली तर ती चौकट फोडते किंवा स्वतः तडकते.

लाकूड कुठून आणायचं? सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला मनाई केली. आपल्या कामाला त्याची अडचण नाही. मोडलेल्या घराचे वासे आणि दारं पुरून उरतात, आणि ते लाकूड कधीच सुकून बसलेलं असतं. फक्त फळीवरून आधी लोहचुंबक फिरवा. बिटाची कार्बाइडची धार कठीण असली तरी ठिसूळ असते, एका गंजक्या खिळ्यावर ती तुटते.

पाट नागपंचमीला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, द्यायचा असेल तर मे महिन्यातच कामाला लागा. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क हवाच, आणि बिट बदलण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.