विश्लेषण : कागदावर लिटरला ६० किमी, रस्त्यावर किती? सोलापुरात प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही रोज वापरायची तर...

वजन सुमारे २.७ टन, बॉनेटखाली ४.४ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन आणि तरीही कागदावर लिटरला ६० किलोमीटरच्या पुढे मायलेज! डिसेंबर २०२२ मध्ये २ कोटी ६० लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला भारतात दाखल झालेल्या बीएमडब्ल्यू एक्सएमचा हा दावा अनेकांना बुचकळ्यात टाकतो. व्होल्वो एक्ससी९०ची टी-८ आवृत्ती, रेंज रोव्हरची प्लग-इन आवृत्ती याही त्याच जातकुळीतल्या. पेट्रोल पंपावरही जायचे आणि घरी चार्जिंगलाही लावायचे, अशी ही गाडी सोलापूरसारख्या शहरात रोज वापरायची तर हिशोब कसा बसतो?

प्लग-इन हायब्रिड म्हणजे नेमके काय?

साध्या हायब्रिड गाडीत छोटी बॅटरी असते. ब्रेक लावताना आणि इंजिन चालू असताना ती आपोआप चार्ज होते, तिला बाहेरून वीज लागत नाही. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी कितीतरी मोठी असते आणि ती घरच्या विजेवर चार्ज करता येते. एक्सएममध्ये वापरता येणारी क्षमता २५.७ किलोवॉट-तास, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत २५.७ युनिट आहे. कंपनीच्या चाचणीनुसार त्यावर गाडी पेट्रोलचा थेंबही न जाळता ८२ ते ८८ किलोमीटर जाते. बॅटरी उतरली की इंजिन सुरू होते, त्यामुळे गाडी रस्त्यात बंद पडण्याची भीती नाही.

मग लिटरला ६० किमी हा आकडा खोटा का?

खोटा नाही, अटींसह खरा आहे. चाचणीत बॅटरी पूर्ण भरलेली असते आणि मालक ती नियमित चार्ज करतो असे गृहीत धरले जाते. प्रवासाचा मोठा वाटा विजेवर गेल्याने पेट्रोलचा आकडा लहान दिसतो. प्रत्यक्षात अनेक जण प्लग लावतच नाहीत. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांची प्रत्यक्ष वापराची माहिती तपासली. मार्च २०२४ मध्ये आलेल्या अहवालानुसार प्लग-इन हायब्रिडचे प्रत्यक्षातील कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाले. गाडी तीच, फरक प्लगचा.

सोलापूरचा रोजचा प्रवास बॅटरीत बसतो का?

बसतो, आणि इथेच सोलापूरकरांना पुण्या-मुंबईपेक्षा फायदा आहे. जुळे सोलापुरातून चिंचोळी एमआयडीसीला जाऊन-येऊन साधारण ३५ ते ४० किलोमीटर होतात. शहरातल्या शहरात तर दिवसाला २० किलोमीटरही होत नाहीत. उन्हाळ्यात पूर्ण वेगाने चालणारा एसी आणि गर्दी धरून एका चार्जमध्ये ६० किलोमीटर मिळतात असे मानले तरी आठवडाभर इंजिन क्वचितच लागेल. अक्कलकोट (सुमारे ४० किमी) आणि तुळजापूर (सुमारे ४५ किमी) एका बाजूने विजेवर आरामात होते, परतीला मात्र पेट्रोल लागते. तुळजापूरला जाताना चढ असल्याने बॅटरी लवकर उतरते. येताना उतारावर त्यातली थोडी वीज परत मिळते. पंढरपूरचे सत्तरेक किलोमीटर मात्र एका चार्जच्या बाहेर जातात.

घरी चार्जिंगसाठी काय तयारी लागते?

पहिली अट स्वतःची पार्किंग. होटगी रोड किंवा विजापूर रोडच्या बंगल्यात ही अडचण नाही. जुन्या पेठांतील वाड्यात किंवा सोसायटीच्या सामाईक पार्किंगमध्ये स्वतंत्र वायर ओढण्यापासून सुरुवात करावी लागते. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर एक्सएमसारखी बॅटरी भरायला १२ तासांच्या आसपास लागतात. भिंतीवरच्या ७.४ किलोवॉटच्या चार्जरवर हेच काम चार-साडेचार तासांत होते. मात्र एसी, गिझर आणि चार्जर एकाच वेळी चालवायचे तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. अर्थिंग कमजोर असेल तर चार्जर सुरक्षिततेसाठी चार्जिंग सुरूच करत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगची क्षमता घटते. त्यामुळे चार्जर बसवतानाच इलेक्ट्रिशियनकडून ती मोजून घेणे आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहणे गरजेचे. रात्री वीज गेली तर दुसऱ्या दिवशी पेट्रोलवर जाता येते, ही पूर्ण विद्युत गाडीच्या तुलनेत मोठी सोय.

वीजबिल किती वाढेल?

रोज ४० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर धरू. चार्जिंगमधील गळतीसह महिन्याला सुमारे ४७५ युनिट लागतील. घरगुती वीजदराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. आधीच दोन-तीन एसी असलेल्या घरात गाडीची बहुतेक वीज सर्वांत महाग टप्प्यात जाते.

आकार आणि करांसह युनिटला १५ रुपये धरले तर खर्च होतो सुमारे ७,१०० रुपये. हेच अंतर पेट्रोलवर, लिटरला ७ किलोमीटर आणि १०५ रुपये दराने, १५,००० रुपयांना पडते. म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या आसपास बचत. किमतीच्या तुलनेत ही रक्कम किरकोळच, त्यामुळे ‘पैसे वाचवण्यासाठी’ ही गाडी घेणे व्यवहाराचे नाही.

छतावर सोलर असेल तर चित्र बदलते. एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देते. नेट मीटरिंगसह चार किलोवॉटमध्ये गाडीची महिन्याची गरज भागते. सोलापूरजवळच एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा कोळशावर चालणारा वीज प्रकल्प आहे. धूर केवळ गाडीच्या मागून हलून चिमणीत जाऊ नये असे वाटत असेल, तर सोलरचा मुद्दा आणखी महत्त्वाचा.

पुण्याला जाताना काय करायचे?

सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर. निघताना गाडी विजेवरच ठेवली तर मोडनिंबच्या आसपास बॅटरी उतरते आणि पुढे जड पेट्रोल एसयूव्हीच चालवावी लागते. त्यापेक्षा बॅटरी राखून ठेवण्याचा पर्याय निवडावा. महामार्गावर एकसारख्या वेगात इंजिन त्यातल्या त्यात कमी पेट्रोल पिते. हडपसरच्या कोंडीत, थांबत-सरकत जाताना मात्र ते सर्वाधिक वाया घालवते. राखलेली वीज तिथे वापरणे फायद्याचे.

वाटेत फास्ट चार्जर दिसला तरी प्रत्येक गाडीला त्याचा उपयोग नाही. एक्सएम डीसी फास्ट चार्जिंग घेत नाही. सध्याच्या पिढीतील रेंज रोव्हर प्लग-इन ५० किलोवॉटपर्यंत घेते. बुकिंगआधी हे तपासावे.

देखभालीत काय पाहावे?

- बहुतेक आलिशान ब्रँडच्या सर्व्हिससाठी पुणे किंवा हैदराबाद गाठण्याची तयारी ठेवावी.
- बॅटरीने जागा घेतल्याने अनेक प्लग-इन गाड्यांत स्टेपनी नसते. ऊस हंगामात ट्रॉल्यांनी खराब झालेल्या रस्त्यांवर मोठ्या रिमचे, कमी जाडीचे टायर जपावे लागतात.
- केबल लावलेली असतानाच मोबाइल ॲपवरून केबिन थंड करून घ्यावी. एसीचा सुरुवातीचा भार बॅटरीऐवजी घरच्या विजेवर पडतो.
- पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहू देऊ नये. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते.
- जुनी गाडी घेताना बॅटरीची तपासणी आणि उरलेली वॉरंटी पाहावी. अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १.६ लाख किमीची हमी देतात.

सरकारी सवलत मिळते का?

विद्युत गाड्यांइतकी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पूर्ण विद्युत कारवर ५ टक्के, तर मोठ्या हायब्रिड एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी आहे. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये प्लग-इन हायब्रिडलाही नोंदणी करात माफी दिली होती. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाचा भर मात्र केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांवर आहे.

मग ही गाडी कोणासाठी?

घरी स्वतःची पार्किंग, छतावर सोलर, रोजचा प्रवास ५० किलोमीटरच्या आत आणि महिन्यातून दोन-चार वेळा पुणे किंवा हैदराबाद, असा वापर असेल तर ती सोलापूरला चांगली जुळते. आठवड्यातले बहुतेक दिवस महामार्गावरच जात असतील किंवा रात्री प्लग लावण्याची सोय नसेल, तर त्याच पैशात डिझेल किंवा साधी हायब्रिड एसयूव्ही बरी. टेस्ट ड्राइव्ह घेताना विक्रेत्याला बॅटरी उतरलेल्या अवस्थेतही गाडी चालवून दाखवायला सांगावे. महामार्गावर हाती येणारी गाडी तीच असते.