बोटांनी पारखावयाचा लॅपटॉप

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे सरकारदफ्तरी ज्याची नोंद डॉ. भडकमकर मार्ग अशी असली तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी ते नाव सहसा येत नाही त्या रस्त्यावर, मी नवा लॅपटॉप घ्यावयास गेलो, तेव्हा माझ्या हातची पांढरी काठी पाहूनही विक्रेत्याने पडद्यावरील रंगांची तारीफ आरंभिली, आणि ती संपेपर्यंत मी निमूटपणे कळफलकावरून बोटे फिरवीत राहिलो. ज्या पडद्यापायी किंमत एवढी चढते, तो आम्हां दृष्टिहीनांच्या लेखी यंत्राचे निव्वळ झाकण होय, हे त्या भल्या माणसाला कोणी सांगितलेच नसावे.

आमचा संगणक बोलतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीस स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकी ‘जॉज’ 1989 पासून चालत आलेला, परंतु परवान्याच्या किमतीने सामान्यांस न परवडणारा. तर 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने आरंभिलेला ‘एनव्हीडीए’ विनामूल्य असून, त्याच्यासोबत येणारा ईस्पीकचा आवाज काहीसा यांत्रिक असला तरी मराठीही वाचतो. यांपैकी कोणताही घेतला तरी माउसशी आमचा संबंध जवळजवळ येत नाही. सारे हुकूम कळांवरून सुटतात, आणि म्हणूनच लॅपटॉपची परीक्षा कळफलकापासून सुरू व्हावयास हवी.

एफ आणि जे या कळांवरील उंचवटे स्पष्ट लागतात काय, हे मी प्रथम पाहतो. मग बाणांच्या कळा. यंत्र सडपातळ करण्याच्या हौसेने वरचा व खालचा बाण अर्ध्या उंचीचे करून एकमेकांस चिकटविण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे ओळीओळीने वाचणारे बोट दिवसातून शंभरदा चुकते. डिलीटच्या शेजारी चालू-बंद करण्याची कळ बसविणाऱ्या कारागिराने स्वतः डोळे मिटून एक पान टंकून पाहावे, अशी माझी नम्र सूचना आहे. ॲपलने 2016 मध्ये आपल्या काही यंत्रांवरील एफ-कळा काढून त्या जागी गुळगुळीत स्पर्शपट्टी बसविली होती. 2021 च्या मॅकबुक प्रोवर खऱ्या कळा परत आल्या. अंकांचा स्वतंत्र संच बहुधा मोठ्या यंत्रांवरच मिळतो. एनव्हीडीएला तो उपयोगी पडतो खरा, पण त्यावाचूनही भागते, कारण कॅप्सलॉकच्या आधाराने चालणारी लॅपटॉपची निराळी मांडणी त्यात आहे.

आवाजाची खातरजमा याहून नाजूक. वीज वाचविण्यासाठी काही यंत्रांतील ध्वनियंत्रणा क्षणभराच्या शांततेतही झोपी जाते, आणि जागी होता होता पहिले अक्षर गिळून टाकते. माझ्या जुन्या यंत्राने एका अर्जावरील ‘अपूर्ण’ हा शेरा ‘पूर्ण’ असा वाचून दाखविला. मी निश्चिंत राहिलो आणि मुदत टळली! तेव्हापासून मी थोडे थांबून, पुन्हा एक कळ दाबून, पहिले अक्षर ऐकू येते काय ते पाहतो. हेडफोनसाठी साधे छिद्रही हवेच, कारण ब्लूटूथचा आवाज बोटांच्या मागे रेंगाळतो.

बाकीचा हिशेब डोळसांसारखाच: एसएसडी असावी, मेमरी 8 जीबीच्या खाली नसावी, 16 असल्यास उत्तम. पडद्यावर वाचलेला पैसा येथे घालावा. शिवाय एनव्हीडीएमध्ये पडदा पूर्ण काळा करण्याची सोय आहे, त्यामुळे लोकलमधील शेजारी माझी पत्रे वाचू शकत नाही.

दुकानातच विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबाव्यात; विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलू लागतो. मी खिशात पेन ड्राइव्हवर एनव्हीडीएची फिरती प्रत बाळगतो आणि ती चालवून पाहण्याची मुभा न देणाऱ्या दुकानदाराचा निरोप घेतो. विंडोज सुरू होण्यापूर्वीची यंत्राची मूळ मांडणी, म्हणजे बायॉस, मात्र मुकी असते. एफ-कळा आवाज-उजेड बदलण्याऐवजी एफ-कळा म्हणूनच चालाव्यात, ही तिच्यातील तजवीज पैसे चुकते करण्यापूर्वी विक्रेत्याकडूनच करवून घ्यावी.

डोळस वाचकांना एकच विनंती. घरातील अंध मुलाला किंवा मुलीला वाढदिवशी लॅपटॉप देण्याचे मनात असेल, तर तो बांधून आणू नका. तिला दुकानात घेऊन जा आणि विक्रेत्याशी तिलाच बोलू द्या.