कडेचा दगड

रस्ता आणि पदपथ यांच्या सांध्यावर उभा बसवलेला दगड म्हणजे कर्ब. मराठीत त्याला कडेचा दगड म्हणता येते, पण कामावरचे मिस्त्री कर्बच म्हणतात. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात तो आजही जागेवर आहे. तिथल्या काही दगडांना दावे ओवण्यासाठी आरपार पाडलेली भोकेही दिसतात.

मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर हा दगड काळा, म्हणजे सह्याद्रीचाच बेसाल्ट. पाथरवट छिन्नीने त्याचे दिसणारे अंग तेवढे सपाट घडवतो. गाडले जाणारे अंग ओबडधोबडच राहते आणि तेच काँक्रीटला घट्ट धरते. हल्ली बहुतेक ठिकाणी साच्यात ओतलेले काँक्रीटचे ठोकळे येतात. ते एका मापाचे असतात, झटपट बसतात; पण चाक आदळले की त्यांचा कोपरा लवकर उडतो. टिकाऊपणात काळ्या दगडाची सर त्यांना नाही.

बसवताना चर खणून खाली काँक्रीटचा थर देतात, दोरी ताणून दगड ओळीत लावतात आणि मागच्या बाजूने पुन्हा काँक्रीट भरतात. हा मागचा टेकू दिसत नाही, म्हणून नेमका तोच चुकवला जातो. मग चाकाच्या धक्क्याने दगड कलतो आणि त्याच्या आधाराने बसलेल्या फरशा सुटू लागतात.

पावसाळ्यात कर्ब पाण्याचा काठ होतो. रस्ता मध्यभागी किंचित उंच ठेवलेला असल्याने पाणी कडेला येते आणि कर्बला लागून जाळीपर्यंत वाहते.

सगळे अडते ते उंचीपाशी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. फार कमी असली की दुचाकी सरळ पदपथावर चढतात. जास्त असली की गुडघे दुखणारी माणसे पदपथ सोडून रस्त्यावरून चालतात. चाकाच्या खुर्चीसाठी चौकात कर्ब उतरता करावा लागतो. उतार १ः१२ धरला तर १५ सेंटीमीटर उंचीला १.८ मीटर लांबी लागते. एवढी जागा क्वचितच सोडलेली असते.

उंची नीट साधली तरी ती टिकवावी लागते. जुने डांबर न खरवडता पाच सेंटीमीटरचा नवा थर टाकला, की कर्ब तेवढाच बुडतो. असे तीन थर पडले की १५ सेंटीमीटरचा कर्ब रस्त्याच्या पातळीला येतो.