आडव्या धनुष्याचा परवाना

शिकारीच्या कायद्यांची जुनी-नवी बाडे चाळण्याचा छंद मला पुष्कळ वर्षांपासून आहे, आणि त्या वाचनात ज्या एका हत्याराने माझे चित्त कायमचे वेधून घेतले ते म्हणजे क्रॉसबो. बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे जडवलेले हे धनुष्य. त्याची दोरी एकदा ताणून खटक्यात अडकवली की बाहूंचे काम संपते, आणि मृग समोर येईपर्यंत शिकारी चापावर बोट ठेवून स्वस्थ बसू शकतो. साध्या धनुर्धराला मात्र दोरी ओढावी लागते ती मृगाच्या नजरेच्या टप्प्यात, आणि ती हालचाल लपवण्यातच त्याची निम्मी विद्या खर्ची पडते. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेच्या राज्याराज्यांत जो कलह माजला, त्याचे मूळ या एवढ्याशा खटक्यात आहे.

ओहायोने १९७६ मध्ये हरणाच्या शिकारीस क्रॉसबोची मुभा दिली. अन्यत्र पुष्कळ ठिकाणी ती दीर्घकाळ अपंगांपुरतीच राहिली. पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगन यांनी २००९ मध्ये निर्बंध बरेच सैल केले, विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये स्वतंत्र हंगाम दिला, न्यूयॉर्कने त्याच वर्षी दक्षिण विभागात धनुर्हंगामाचे अखेरचे १४ दिवस तेवढे मोकळे केले, आणि ऑरेगनने बंदी कायम ठेवली. शिकाऱ्यांची संख्या घटत चाललेली, आणि वन्यजीव खात्यांचा खर्च तर परवान्यांच्या शुल्कावर व १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या साहित्यावरील करातून मिळणाऱ्या रकमेवर चालणारा. तेव्हा खात्यांना नवा परवानेदार हवासा वाटावा हे स्वाभाविकच होते. धनुर्धरांच्या संघटनांना ही आपल्या विद्येची अप्रतिष्ठा वाटली. त्यांची व्यथा मला खोटी वाटत नाही. परंतु खांदा निकामी झालेल्या वृद्धाला रानाबाहेर ठेवणारा नियम मला न्याय्यही वाटत नाही. दोन्ही पक्ष हरणाच्या नावाने बोलतात. भांडण आहे ते बंदुकांचे बार सुरू होण्यापूर्वीच्या शांत आठवड्यांवर हक्क कोणाचा, याचे.

हा हक्काचा प्रश्न इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५४१ च्या कायद्याने उघडच सोडवला होता: ज्याचे वार्षिक उत्पन्न १०० पौंडांहून कमी, त्याने क्रॉसबो बाळगू नये. प्रजेने लांब धनुष्याचा सराव सोडू नये हा त्यामागील एक हेतू. पण या शोधात माझ्या हाती जे सर्वांत मोलाचे लागले, ते एका धर्माधिकाऱ्याचे प्रकरण होय.

जुलै १६२१. कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज ॲबट हँपशायरमधील ब्रॅमशिल येथे लॉर्ड झूश यांच्या उपवनात मृगयेस गेले होते. त्यांनी मृगावर क्रॉसबोचा बाण सोडला, आणि तो पीटर हॉकिन्स नामक रखवालदाराच्या दंडात घुसला. धोका आहे, दूर राहा, अशी सूचना त्याला आधीच देण्यात आली होती. जखम दंडाची, पण धमनी तुटली आणि रक्तस्रावाने तो थोड्याच वेळात मरण पावला.

पहिल्या जेम्स राजाने असा अपघात देवदूताच्या हातूनही घडू शकेल, अशा आशयाचे उद्गार काढून ॲबट यांची पाठराखण केली. परंतु नवनियुक्त बिशपांपैकी जॉन विल्यम्स, विल्यम लॉड आदींनी रक्तलांछित हातांकडून दीक्षा घेण्याचे नाकारले. चौकशीसाठी दहा जणांचे मंडळ नेमण्यात आले. खल चालला तो असा की, धर्माधिकाऱ्याला मृगया विहित आहे काय, आणि अजाणता घडलेल्या वधाने त्याचा अधिकार दूषित होतो काय. एडवर्ड कोक या विख्यात विधिज्ञाने तर बिशपाच्या मृत्यूनंतर त्याच्या शिकारी कुत्र्यांवर राजाचा हक्क असतो या वहिवाटीचा दाखला देऊन, बिशपाला शिकारीचा अधिकार असलाच पाहिजे असे प्रतिपादले. मंडळात एकमत होईना. अखेर राजाच्या सहीने माफीनामा निघाला. ॲबट यांनी पुढे १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्सचा राज्याभिषेक केला. १६३३ मध्ये ते निवर्तल्यावर त्यांचे आसन लॉड यांनाच मिळाले.

या साऱ्या वादात रखवालदार फारसा कोठे नाही, ही गोष्ट मला आजही बोचते. त्याची आठवण ठेवली ती ॲबट यांनीच. उरलेल्या आयुष्यात दर महिन्याच्या एका मंगळवारी त्यांनी उपवास केला, आणि हॉकिन्सच्या विधवेला वार्षिक २० पौंडांचे निर्वाहवेतन बांधून दिले.